मंगळवारी घर बघायला या

राहू द्या, राहू द्या, चपला घालूनच या वर — वाळूचं काय घेऊन बसलात, ती या घरात आमच्याआधीपासून राहते. जिना जरा अरुंद आहे, डोकं सांभाळा, वरच्या पायरीवर प्रत्येकजण एकदा तरी — आपटलात ना? लागलं का फार? नाही? मग झालं, आता पुन्हा नाही आपटणार, घराची आणि तुमची ओळख झाली. ही समोरची खोली. थांबा, खिडकी मी उघडते, तिला खालून एक गुद्दा घालावा लागतो, खाऱ्या वाऱ्याने बिजागऱ्या धरतात ना — हं. बघा आता. समुद्र. आधी समुद्र दाखवायचा, मग स्वयंपाकघर, न्हाणीघर सगळ्यात शेवटी, असं ह्यांनी बजावून ठेवलंय मला. ह्यांनी म्हणजे आमच्या ह्यांनी, तुमच्याशी फोनवर बोलले ना, तेच. दर मंगळवारी राजधानीत जातात आणि दुपारच्या गाडीने परत येतात. तिथे जागा बघताहेत आमच्यासाठी. हे घर विकायचं आणि पुन्हा तिकडे जायचं, असं ठरलंय आमचं. — घर मीच दाखवते, हो. त्यांना खोटं बोलता येत नाही, म्हणून ते थांबत नाहीत. नाही नाही, तसं नव्हतं म्हणायचं मला! खोटं बोलण्यासारखं काही नाहीच या घरात. बसा ना. चहा ठेवू?

शांत? हो, शांत आहे. आज तर अगदीच शांत आहे. आम्हीही शांत म्हणूनच घेतलं हो. हे लिफ्टचे मिस्त्री होते — बत्तीस वर्षं, राजधानीत, अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचं काम. घास तोंडात घातला की फोन. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या फोटोत सगळे आहेत, हे नाहीत, कारण कुठल्याशा बँकेत चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे एक साहेब लटकले होते. निवृत्त झाले त्या दिवशी घरी आले, पिशवी ठेवली आणि म्हणाले, आता अशा गावात जायचं जिथे एकसुद्धा लिफ्ट नाही. लोक जागा घेताना पाणी बघतात, बाजार बघतात, दवाखाना किती लांब ते बघतात — आमचे हे मान वर करून मजले मोजायचे. तीन गावं बघितली आम्ही. तिन्ही समुद्रकाठची, तिन्ही राजधानीपासून दोन तासांच्या आत, म्हणजे मला बहिणीकडे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता यावं. पहिल्या गावात किनाऱ्यावर इतकी हॉटेलं आणि इतकी गाणी, की समुद्र हलताना दिसायचा पण ऐकू यायचा नाही. शिवाय एका हॉटेलात लिफ्ट. दुसरं इतकं शांत की आम्हाला भेटलेला एकुलता एक माणूस झोपलेला होता. आणि तिसरं हे. खाली त्या भिंतीवर बसलो दोघं, ह्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं, म्हणाले, दहा मिनिटं मोजू, लाटांशिवाय दुसरा आवाज आला नाही तर घर घ्यायचं. नाही आला. एकदा मला शिंक आली, ती त्यांनी धरली नाही.

तो वार कोणता होता, ते मात्र आम्ही मोजलं नाही.

काही नाही, असंच आपलं म्हटलं. साखर किती? — ते होय? ते पत्र्याचं, निळ्या दाराचं? ते — गोदाम आहे. म्हणजे गोदामच म्हणायचं. बर्फ असतो त्यात. मासेमारीच्या होड्यांना लागतो ना. आज बंद आहे. मंगळवारी बंदच असतं. — हो, तुम्हाला मंगळवारीच बोलावलं. मागच्या चौघांनाही मंगळवारीच — हे बघा बाई, मला मेलीला पोटात काही ठेवता येत नाही. मी मॅट्रिकला असताना शेजारच्या बाकावरची माझ्या पेपरातलं बघून लिहीत होती तर बाईंनी विचारायच्या आधी मीच उभी राहून सांगितलं की हिने नाही, मीच दाखवलं. सांगून टाकते. तो बर्फाचा कारखाना आहे. आठवड्यातले सहा दिवस सकाळी सहाला भोंगा होतो, असा भोंगा, की पाळण्यातलं पोर उठून चालायला लागेल. मग लाद्या घसरगुंडीवरून खाली येतात — धाड, धाड, धाड — आणि मग फोडायचं यंत्र सुरू होतं. ते यंत्र म्हणजे, कसं सांगू, पत्र्याची शंभर कपाटं एकाच वेळी जिन्यावरून ढकलावीत, आणि ती संपूच नयेत. मंगळवारी आम्ही घर पसंत केलं, राहायलाही एका मंगळवारीच आलो, सामान लावलं, समुद्राकडे बघत जेवलो. बुधवारी सकाळी सहाला हे पलंगावरून उडाले आणि अंधारात पिशवी शोधायला लागले. म्हणे, केबल तुटली, केबल तुटली! म्हटलं, अहो, लिफ्ट नाहीये इथे, झोपा. पण झोपतंय कोण.

मग गेले की मी भांडायला. हे जाणारे नव्हेत, हे भांडणाच्या वेळी पाण्याची टाकी बघायला गच्चीवर जातात. मी गेले, पदर खोचून, काय काय बोलायचं ते रस्ताभर पाठ करत. तिथला मुकादम — थोराड माणूस, भुवयांवर बर्फाचा चुरा बसलेला — त्याने सगळं ऐकून घेतलं, यंत्र थांबवून ऐकून घेतलं बरं का, आणि म्हणाला, "ताई, तुमचं बरोबर आहे. पण बर्फ गप्प राहून फुटला असता तर आम्हाला का नको होतं?" सगळं पाठ केलेलं वाया. त्यांनी एक स्टूल दिलं, चहा दिला. दुसऱ्या दिवशी उरलेलं भांडायला गेले, तर स्टूल काढून ठेवलेलंच.

आता दोन वर्षं झाली. रोज सकाळी जाते. आणि ऐका, हसू नका — तुम्ही हसताय — मी सायकल शिकले तिथे. बावन्नाव्या वर्षी. ओहोटीला वाळू कशी घट्ट असते, पडलं तरी लागत नाही, मुकादमाच्या बायकोची जुनी सायकल होती. मी पहिल्यांदा चालवली तेव्हा त्यांनी कारखाना बंद ठेवला, आवाजात त्यांच्या सूचना मला ऐकू येईनात म्हणून! अकरा माणसं दारात उभी राहून ओरडताहेत, "ताई, पुढे बघा, चाकाकडे बघू नका! ताई, ब्रेक! ताई, तो समुद्र आहे!" गुडघ्याइतक्या पाण्यात जाऊन थांबले. राजधानीत सहाव्या मजल्यावर चौदा वर्षं काढली आम्ही, आणि समोरच्या दारातल्या बाईचं तोंड मी पाहिलं नव्हतं, तिच्या दुधाच्या पिशव्या तेवढ्या पाहिल्या होत्या. पडले असते तिथे तर ताई म्हणून कोण ओरडलं असतं?

तर हे स्वयंपाकघर. ओटा जरा ठेंगणा आहे, पण तुम्ही काही उंच नाही. — मग विकताय कशाला, हेच ना? सगळे हेच विचारतात. ह्यांच्यासाठी. ह्यांचं मन लागत नाही इथे. बोलत नाहीत, पण बायकोला कळतं ना. परवा कारखान्यातला लाद्या उचलायचा गाडा अडला, तर हे आपली पिशवी घेऊन गेले आणि दिवसभर तिथेच, संध्याकाळी काळे हात घेऊन शीळ घालत घरी. लिफ्टची आठवण येते हो बिचाऱ्यांना, दुसरं काय! आणि चूक माझीच आहे. आलो त्या पहिल्या महिन्यात मी एकदा रडले. भोंग्याने डोकं उठलेलं, बहिणीचा फोन लागेना, मी म्हटलं, मला परत न्या, नाहीतर मी एकटी जाते. एकदाच म्हटलं. पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही. पण चार महिन्यांपूर्वी ह्यांनी एकदम, जेवताना, ताटाकडे बघत विचारलं, "तिकडे परत जायचं का?" मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं. ते म्हणाले, तू म्हणशील तसं. मी म्हटलं, बरं. म्हणजे त्यांच्या मनात होतं म्हणून बरं म्हटलं. बत्तीस वर्षं त्या माणसाने दुसऱ्यांना अडकल्या जागेतून काढलं, आता त्यांना मी इथे अडकवून ठेवू?

तरी ठेवतेय, ते सोडा. पोटात राहत नाही हे सांगितलंच तुम्हाला. घर दाखवते, मंगळवारीच दाखवते, कबूल केल्याप्रमाणे — पण चहा होईपर्यंत सगळं सांगून होतं. आधी एक नवराबायको आले, त्यांना म्हटलं, ह्यांना फोन करून सांगा की भिंतींना ओल आहे. मग एक निवृत्त साहेब, ते म्हणाले जिना झेपणार नाही. तिसरीला शाळा लांब पडली. तिला मूल नव्हतं, पण ते ह्यांच्या लक्षात आलं नाही. चौथ्यांना पुन्हा ओल. ओल दोनदा झाली, आता तिसऱ्यांदा चालणार नाही, म्हणून तुम्ही आपलं असं म्हणा की स्वयंपाकघर लहान आहे. खरंही आहे ते. दरवेळी गिऱ्हाईक गेलं की हे नुसतं "हं" म्हणतात आणि जेवायला बसतात. आणि दोन घास जास्तच खातात बघा. काळजीने माणूस जास्त खातो. मला कसं अपराध्यासारखं होतं, वाढता वाढता.

का हसताय हो तुम्ही मघापासून? सायकलचं एक वेळ ठीक आहे, पण यात काय हसण्यासारखं — काय? कोणी सांगितलं? फोनवर? ह्यांनी?

थांबा. चहाची कपबशी खाली ठेवते आधी.

बर्फाच्या कारखान्याचं तुम्हाला आधीपासून माहीत होतं? भोंगासुद्धा? — सहाचा, हो, बरोबर, सहालाच होतो. आणखी काय म्हणाले? नाही, सगळं सांगा. "घर बघून जा, पण पसंत पडलं तरी आमच्या घरात सांगताना म्हणा —" काय म्हणा? पुन्हा सांगा. स्वयंपाकघर लहान आहे, असं म्हणा? मी म्हटलं तेच? अगदी तेच? अहो, पण ते मी आज सकाळी केर काढताना ठरवलं! — आणि का म्हणून? "बायकोचा जीव तिकडे आहे, मी नाही म्हणू शकत नाही, पण मला हे गाव सोडवत नाही." असं म्हणाले? परक्या माणसाला? फोनवर? मला चार महिन्यांत "हं"च्या पुढे एक अक्षर नाही, आणि तुम्हाला — तुमचा आवाज तरी कधी ऐकला होता का त्यांनी त्याआधी?

आणि ती ओल. ते निवृत्त साहेब. मला वाटत होतं, मी पढवून पाठवते. ते तिकडून पढवून पाठवत होते! म्हणजे ती बिचारी माणसं दोन्हीकडून पढून, राजधानीतून दोन तास बसून येत होती, आमच्या घराला नाव ठेवायला. म्हणून ती बिनमुलांची बाई शाळा म्हटल्यावर लगेच मान डोलावत होती. आणि मंगळवारी तिकडे जातात ते जागा बघायला, का नुसते बाकावर बसून येतात देव जाणे.

पण मग, बाई, तुम्ही आलात कशाला, सगळं माहीत असताना? — बालवाडीत शिकवता? किती? चाळीस मुलं? मग तुम्हाला भोंगा काय आणि यंत्र काय, अंगाईच. आणि खरंच आवडलंय का तुम्हाला? हा ठेंगणा ओटा, ती गुद्द्याची खिडकी, सगळ्यासकट? नका हो असं म्हणू. आधीचे चौघे कसे शहाण्यासारखे घाबरून गेले. — नाही, द्यायचं नाहीये. घर द्यायचं नाहीये आम्हाला. हे बघा, निघालं तोंडातून. इतकं सोपं होतं? तुम्हाला सांगायला सोपं आहे, तुमच्याशी मला संसार करायचा नाही. मुकादमाला विचारते मी, त्यांच्या पलीकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत, यंत्राच्या आणखी जवळ, तुमच्या कामाच्या. विचारते, नक्की विचारते. आता —

फाटक वाजलं. आले. लवकर आली आज गाडी. तुम्ही उठू नका, काही बोलूही नका, स्वयंपाकघराचं तर मुळीच नाही. मी बोलते.

अहो, वर या. जिन्यात डोकं — हं, आपटलंच. दोन वर्षं झाली, तरी आपटतातच. या, बसा. पाणी देते मग. या बाई सकाळपासून आल्यात. सगळं घर बघितलं त्यांनी, समुद्र आधी आणि न्हाणीघर शेवटी, तुम्ही सांगितलंत तसंच. आणि बरं का, त्यांना घर पसंत आहे. ओल नाही, जिना नाही, काही नाही. आजच्या आज ठरवून टाकू म्हणतात.

बोला.

माझ्याकडे काय बघताय, मला काही विचारू नका, मी तुम्ही म्हणाल तसं. बाई थांबल्यात, त्यांची गाडी आहे. एक हो किंवा एक नाही. — गच्चीवर कुठे निघालात? टाकी भरलेली आहे, मी बघितलीय. बसा खाली.

तुम्ही निघा बाई. ह्यांना जरा वेळ लागेल.