फायलीत नसलेला मासा

डेल्फीन : खोटं लिहिलंत, साहेब! तेवीस वर्षं एकच ओळ उतरवून काढताय, ‘या ओढ्यात सॅमन नाही.’ आणि मी इथे तुमच्या रस्त्याच्या कडेला उभी आहे, खाली माझा भाऊ कमरेएवढ्या पाण्यात, आणि त्याच्या पायांत मासे घुसतायत!

वेन्डेल : (ओढ्यातून ओरडत) सात, ताई! नाही, नऊ! अगं, नऊ!

साहेब : बाई, सरकारी कार्यालयाचा फोन आहे हा. हळू बोला. पाहणी झालेली आहे. ऑगस्टमध्ये आमचा माणूस येऊन गेला. मासा आढळला नाही, तेव्हा रस्त्याखालचा पाइप बदलायचा प्रश्नच येत नाही.

डेल्फीन : ऑगस्टात! अहो, सॅमन समुद्रातून वर चढतो नोव्हेंबरात, ओढा भरल्यावर. लग्नाच्या तीन महिने आधी मांडवात जायचं आणि लिहायचं, पाहुणे आलेच नाहीत!

वेन्डेल : उडाली, उडाली! आपटली गं! डोकं थेट पाइपावर. परत उडतेय, वेडी!

डेल्फीन : ऐकलंत? रस्त्याखालून ओढा न्यायला तुम्हीच टाकलेली पाइपाची मोरी. तिचं तोंड पाण्यापासून छातीभर उंच लोंबतंय. जुन्या करारात आमच्या आदिवासी जमातीला या माशाचा हक्क लिहून दिलात आणि मग त्याच्या वाटेवर रस्ता बांधलात!

वेन्डेल : मादी आहे, लालभडक! गाभोळीने पोट टम्म झालंय, नाक सोललंय बिचारीचं. आणखी चार उड्या, की इथेच मरेल बघ!

डेल्फीन : मग धर तिला! पोतं भिजव. हात आधी ओले कर, कोरड्या हाताने खवले निघतात, गाढवा!

वेन्डेल : चाळीस वर्षं मासे धरतोय मी!

डेल्फीन : आणि चाळीस वर्षं विसरतोयस.

साहेब : थांबा! हात लावू नका. परवानगीशिवाय जंगली सॅमन हलवणं गुन्हा आहे.

डेल्फीन : कुठला सॅमन?

साहेब : आत्ता तुम्हीच म्हणालात ना...

डेल्फीन : मी म्हणाले. तुमची फाइल काय म्हणते?

वेन्डेल : धरली! बाप रे, काय ताकद! शेपटीने थोबाडीत दिली मला. हसतेस काय, वरून हात दे!

डेल्फीन : दे, दे इकडे. ये गं बाई. बाळंतपणाला माहेरी आलीस, आणि मेल्यांनी दारच लावून घेतलं होतं.

साहेब : बाई, तुमच्यावर कारवाई होईल!

डेल्फीन : करा की! कुठल्या ओढ्यातला मासा उचलला, तेही लिहा त्यात.

वेन्डेल : आलो मीही वर. ट्रक गेला, चल, रस्ता ओलांड! आता मोरीच्या वरच्या बाजूला सोड. तोंड वरच्या अंगाला, आजी सांगायची तसं.

डेल्फीन : मला शिकव आता. हं... घे श्वास. घे, माझे आई... गेली!

वेन्डेल : बाण गं, नुसता बाण! वर तीन मैल मोकळा ओढा, सगळा तिचाच! चल, खाली आठ जण खोळंबलेत!

साहेब : हॅलो? बाई? आहात का?

डेल्फीन : आहे, साहेब. अजून आठ फेऱ्या आहेत आमच्या, तेवढ्यात ठरवा. ओढ्यात मासा नसेल, तर मी गुन्हा कसला केला? आणि असेल, तर ही मोरी कधी काढताय?