माझ्या डोक्यावरून बोलू नका!

…आणि माझ्या डोक्यावरून बोलतात हो! अगदी खरोखर डोक्यावरून! मी चाकाच्या खुर्चीत, म्हणजे खाली, आणि समोरचा माणूस माझ्या मागे जो कुणी उभा असेल त्याला विचारणार, "यांना काय हवंय?" अहो, मी इथंच आहे! पाय गेलेत, कान शाबूत आहेत!

तुम्हाला सांगते, मागच्या महिन्यात एजंटाबरोबर घर बघायला गेलो, आम्ही तिघं भावंडं. तळमजला, दाराला एक पायरी नाही, सोनंच म्हणा ना! कारण तेव्हा आम्ही राहायचो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट कायमची आजारी, रोज सकाळी दादा आणि वॉचमन मला पोत्यासारखं उचलून खाली आणणार, ऑफिसला रोज उशीर, आणि साहेबांनी बजावलेलं, "आता पुरे झालं हं!" म्हणजे हे घर गेलं की नोकरीही गेली, कळलं?

तर मालकीणबाईंनी आत घेतलं. मला बघून चेहरा असा, की जणू दूध नासलंय… आणि खुर्ची धरून उभ्या असलेल्या दादाला विचारतात, "यांना कधीपासून असं?" आता आमचा दादा! ऑटिझम आहे त्याला, अनोळखी माणसाशी बोलायचं म्हणजे संकट, आणि नळ दिसला की आधी नळ. तो गेला आत, एकेक नळ सोडून बघतोय. बाई एजंटाच्या कानात, "यांचंही… काही आहे का?" अहो, कुजबुजताय कशाला, मी इथंच आहे!

मग सापडली आमची धाकटी! चालती-बोलती, हसरी. "बाई गं, दोघांचं तूच करतेस? देवीच आहेस!" धाकटी म्हणते, "छे हो, मी स्वतःच डिप्रेशनच्या गोळ्या घेते. गेल्या वर्षी अंथरुणातून उठवत नव्हतं, या दोघांनी घास भरवलेत मला."

झालं! बाई दोन पावलं मागे. "अगंबाई, दिसत तर नाही तसं!" आता बोलायचं कुणाशी? उरला एजंट! "मला आपलं नॉर्मल कुटुंब हवं होतं हो…"

माझं टाळकंच सटकलं! खुर्ची नेली थेट दारात, आडवी घातली, ब्रेक लावला… खट्! म्हटलं, "आता बाहेर पडायचं तर माझ्याशी बोला. कमावते मी, सही मी करणार, नॉर्मल-बिर्मल काय ते मला विचारा. मी इथंच आहे, आणि हलणार नाहीये!"

बाई इकडून बघतात, तिकडून बघतात, वाटच नाही! एजंट हळूच म्हणतो, "बाई, वर्षभर रिकामं पडलंय घर…" शेवटी वाकल्या हो! माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "कधी येताय राहायला?" तेवढ्यात आतून दादा ओरडला, "नळ छान आहेत! बाई फार बोलतात! घेऊ या!"

घेतलं. परवा सामान लागलं. आज सकाळी बेल वाजली, आणि दार कुणी उघडलं? मी! एकटीनं! ना वॉचमन, ना पोतं! समोर मालकीणबाई. छान हसल्या, माझ्या डोक्यावरून आत डोकावल्या, आणि हाक मारतात…

"घरात कुणी आहे का हो?"