भुऱ्या गाडीत चढला तेव्हा

अण्णा, काकू, आणि जमलेल्या पुणतांब्याच्या मंडळींनो,

सरपंच आत्ता म्हणाले, "ज्योतीची जिवलग मैत्रीण दोन शब्द बोलेल." म्हणून उभी राहिले. जिवलग होतेच मी. पण मी तिच्यावर जळायचे. पहिल्या दिवसापासून जळायचे, आणि आजही जळते. शोकसभेत असं बोलत नाहीत, मला ठाऊक आहे. पण ज्योती गेली म्हणून मी गोड गोड बोलायला लागले, तर तीच मला हसेल.

मी तिसगावची मंगल. जनावरं कशी वागतात आणि त्यांना कसं शिकवायचं, हा विषय आम्ही दोघींनी विद्यापीठात घेतला. एकाच खोलीत राहिलो. माझे वडील म्हणाले होते, "कुत्र्याला बस म्हनायला कालेजात जायाचं व्हय गं?" आणि हे अण्णा लेकीला सोडायला आले तेव्हा म्हणाले, "शीक पोरी. आपल्या गोठ्याला लई उपेग हुईल." म्हणजे बघा, वडिलांपासूनच माझा हेवा सुरू झाला.

तिथं प्रत्येकीला एक कालवड मिळायची. तिला हाताखाली आणायचं, दाव्यावर चालवायचं, थांबवायचं. आणि परीक्षेला काय व्हायचं? आपली कालवड परक्या माणसाच्या हातात द्यायची आणि आपण भिंतीआड जाऊन उभं राहायचं. कालवडीनं कुणाचंही ऐकलं पाहिजे. तिनं खूण शिकायची, माणूस नाही. म्हणून सर पुन्हा पुन्हा बजावायचे, दावं रोज दुसऱ्याच्या हातात देत जा. मी द्यायचे. ज्योती देईचना! मी मागितलं तर म्हणायची, "ऱ्हाऊ दे गं, तू दमली आसशील."

परीक्षेच्या दिवशी माझी चांदणी परीक्षकांबरोबर शहाण्यासारखी चालली. थांब म्हटलं, थांबली. माझा पहिला नंबर आला. मग ज्योतीची काळी आली. भिंतीआड ज्योती नुसती खोकली. झालं! काळीनं परीक्षकांना शेणातून फरफटत नेलं आणि ज्योतीच्या खांद्यावर मान टाकून उभी राहिली. सगळे पोट धरून हसले. ज्योती कशीबशी पास झाली.

त्या संध्याकाळी मेसमध्ये ती मला म्हणाली, "मंगल, तुजी चांदनी लई गुनाची. कुनाच्या बी हाताखाली नांदंल." मनापासून म्हणाली हो. पण मी ताट तसंच बाजूला सारलं. पहिला नंबर माझा होता, आणि मला तिचं नापास व्हायला आलेलं वासरू हवं होतं. कळतंय का तुम्हाला? भिंतीआड मीही उभी होते. चांदणीनं मला शोधलं नव्हतं.

पुढं मी नगरला कुत्री शिकवायला लागले. मोठा बोर्ड लावला. शिर्डीच्या हॉटेलवाल्यांची कुत्री माझ्याकडं येतात. ज्योती मात्र गावात राहिली. तुमच्या लाथाड्या गाई तिनं दुधाला उभ्या केल्या. आणि अण्णांचे डोळे गेले तेव्हा तिनं त्यांच्यासाठी कुत्रा तयार केला, हा भुऱ्या. रस्त्याच्या कडेला थांबायचं, खड्डा दिसला की आडवं उभं राहायचं, अण्णांना पारापर्यंत न्यायचं. तो कुत्रा बघितला आणि मी पुन्हा जळाले. "मला दे," असं किती वेळा म्हटलं असेल! ती नुसती हसायची.

मग साध्या तापाचं निमित्त झालं आणि ज्योती गेली. भुऱ्या उंबऱ्याशी बसला तो उठेचना. अण्णा घरात अडकले. परवा त्यांचा फोन आला, "मंगल, तू घिऊन जा त्याला. माज्यानं त्याचे हाल सोसत न्हाईत."

खोटं कशाला बोलू? दुःख झालं, आणि त्या दुःखातसुद्धा मला वाटलं, भुऱ्या आता माझा.

आज सकाळी आले. त्याचा पट्टा धरला आणि म्हटलं, "चल." मंडळी, तो उठला! माझ्या गुडघ्याला लागून चालला, रस्त्याशी थांबला. गाडीचं दार उघडून "चढ" म्हटलं, तर चढला. काकू कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं बया, आमी तर ह्याला दूधभाकर चारली, कुरवाळलं, गळ्यात पडून रडलो. आमच्याच्यानं कसा उठला न्हाई?"

काकू, तुम्ही सगळं केलंत. पण त्याला चल कुणी म्हणालंच नाही. तो दुःखात आहे म्हणून सगळ्यांनी त्याला जपलं. आणि तो बिचारा काम सांगायची वाट बघत बसला.

ह्या खेपेला ज्योतीनं दावं सगळ्यांच्या हातात दिलं होतं. अण्णांच्या, काकूंच्या, शेजारच्या आक्काच्या. आपण नसलो तरी अण्णांचं अडू नये म्हणून. भुऱ्या तिच्यावर जीव टाकायचा, आणि तरी तो दुसऱ्याबरोबर चालला. मला फक्त एकच जमतं. तिला दोन्ही जमलं. जळू नको तर काय करू?

गाडीचं दार लावायला माझा हात गेला होता. एकदा ढकललं, की भुऱ्या माझा. पण मी त्याला खाली उतरवलं आणि पट्टा अण्णांच्या हातात दिला. तुम्ही सगळ्यांनी बघितलंत, अण्णा आज ह्या सभेला कुणाचा हात धरून आलेले नाहीत.

ज्योती, तुझा कुत्रा मी नेत नाही. हेवा तेवढा घेऊन जाते.

आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून तिला निरोप देऊ. अण्णा, आधी तुम्ही. भुऱ्याला ऊठ म्हणा.