साळव्यांचं न उघडणारं कुलूप

जमलेल्या आया-बहिणींनो, कॉलनीतल्या मंडळींनो, चिकलठाण्याच्या कारखान्यातल्या माझ्या जुन्या सोबत्यांनो, आणि प्रज्ञा बेटा,

मला भाषण जमत नाही. कंपनीत युनियनच्या सभेतसुद्धा मी मागं उभा राहून फक्त टाळ्या वाजवायचो. आज तर विहारात एवढी माणसं जमलीत. पण नामदेव साळवे जाऊन आज आठ दिवस झाले, आणि आठ दिवस मी एक गोष्ट पोटात घेऊन फिरतोय. ती साळव्यांना सांगायची होती. राहून गेली. आता तुम्हा सगळ्यांसमोर सांगतो. मी भगवान शिंदे, तीस वर्षं त्यांच्या शेजारच्या मशिनवर काम केलेला माणूस, मी साळव्यांना फसवलं. एक दिवस, दोन दिवस नाही. साडेतीन वर्षं फसवलं.

आता कसं, ते सांगतो.

साळव्यांचा नाद तुम्हाला माहीत आहे. कुणी बुद्धिबळ खेळतं, कुणी कबुतरं पाळतं. साळवे किल्ल्या करायचे. धंदा म्हणून नाही हां, निव्वळ हौस. ज्या कुलपाची किल्ली जगात कुठंच उरली नाही, त्याची नवी किल्ली करायची. आणि कुलूप सुटं न करता, न तोडता. छावणीच्या बाजारात जुनं लोखंड विकणारे बसतात ना, तिथं आम्ही दोघं जायचो. मी कोथिंबीर घ्यायचो, साळवे गंजकी कुलपं घ्यायचे. सुमनवहिनी डोक्याला हात लावायच्या. म्हणायच्या, "भाऊजी, बाकीच्यांचे नवरे बाजारातून भाजी आणत्यात, आमच्यात कुलपं येत्यात."

कसं करायचे ते ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगतो. पितळेची कोरी किल्ली घ्यायची. मेणबत्तीवर धरून काजळी बसवायची. कुलपात घालायची आणि हलक्या हातानं पिळायची, अगदी हलक्या. आतले लिव्हर, म्हणजे पट्ट्या, जिथं अडतात तिथली काजळी पुसली जाते. किल्ली बाहेर काढायची, भिंगातून बघायची. खूण दिसली तिथं कानशीचे दोन हात मारायचे. परत काजळी, परत कुलूप, परत भिंग. असं शंभर वेळा, कधी दोनशे वेळा. आणि मग कधीतरी खट् करून कुलूप उघडायचं. तो आवाज आला की साळवे काय करायचे माहीत आहे? काही नाही. चहा मागायचे.

मीही शिकायला बसलो होतो. पण माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मला दम निघत नाही. खूण दिसली नाही की मला वाटायचं, असंल, इथंच असंल, मारा दोन हात. किल्ली वाया. साळवे किल्ली हातात घेऊन बघायचे आणि म्हणायचे, "शिंदे, खूण नसताना कानस काहून चालवली? काढलेलं पितळ परत चिकटत नसतं." रागवायचे नाहीत. कधीच नाही. मला उलट त्याचाच राग यायचा. एकदा मी एवढ्या जोरात पिळली की किल्लीचं अर्धं टोक आतच राहिलं. साळव्यांनी ते सुईनं काढलं, चार दिवस लागले, आणि चार दिवसांत मला एका शब्दानं बोलले नाहीत.

त्यांचा एक नेम होता. कुलूप कुणाचंही असो, मालक समोर बसल्याशिवाय हात लावायचे नाहीत. इथं समोरच एक गृहस्थ बसलेत, नाव घेत नाही. ते एकदा आले, म्हणाले, "साळवे, भाडेकरूच्या खोलीची किल्ली करून द्या, माणूस गावाला गेलाय." साळवे म्हणाले, "गावाहून येऊ द्या, मग दोघं मिळून या." गृहस्थ चिडून गेले. महिनाभर बोलले नाहीत. आणि आता बघा, सगळ्यात पुढच्या खुर्चीवर बसून डोळे पुसायलेत. असे होते साळवे.

त्यांच्या लेकीनं, प्रज्ञानं, त्यांना एकदा मोबाइलवर दाखवलं, की परदेशात लोक हेच करतात, हौसेनं, आणि त्याच्या स्पर्धासुद्धा असतात. घड्याळ लावून! साळव्यांनी तो व्हिडिओ चार वेळा बघितला. मग मला बोलावून दाखवला. म्हणाले, "शिंदे, बघा, आपण एकटेच येडे नाय." जरा वेळानं म्हणाले, "हात बरा हाय पोराचा. पण घाई लई करायलाय." स्पर्धा जिंकलेला माणूस होता हो तो!

हसताय ना? हसा. साळव्यांना आवडलं असतं.

मग सुमनवहिनी गेल्या. चार वर्षं होतील आता. तुम्ही सगळे तेव्हाही याच विहारात होता. साळवे घरी गेले आणि बसले ते बसलेच. कानशी कपाटात ठेवल्या. दाढी वाढली. प्रज्ञाची बँकेची नोकरी, ती सकाळी जाणार, सांजच्याला येणार. मी जायचो, बसायचो. ते भिंतीकडं बघायचे, मी त्यांच्याकडं बघायचो. एक दिवस प्रज्ञा मला गेटपर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "काका, बाबा जेवत नाहीत. काहीतरी करा ना."

मी काय करणार? मी फिटर. मला जे येतं ते केलं. छावणीच्या बाजारातून एक मोठं जुनं कुलूप आणलं, चांगलं वजनदार, सात लिव्हरचं. घरी आणून मागची एक रिव्हेट काढली. आतल्या खिट्टीच्या मागं एक खिळा बसवला. आता किल्ली कितीही बरोबर होऊ दे, खुणा दिसतील, पण खिट्टी सरकायची नाही. तिथं नवी रिव्हेट ठोकली, वर ओली माती आणि गंज चोळला. आणि नेऊन साळव्यांच्या पुढ्यात ठेवलं. म्हणालो, "हे काय तुमच्याच्यानं उघडत नाय."

दोन दिवस त्यांनी त्याच्याकडं बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर टेबलावर मेणबत्ती होती.

माझा विचार साधा होता. उघडणारं कुलूप दिलं तर आठ दिवसांत उघडतील, आणि नवव्या दिवशी परत भिंतीकडं बघत बसतील. म्हणून न उघडणारं दिलं. आणि जमलं की! साळवे जेवायला लागले. दाढी केली. रोज पाच वाजता मी जायचो, ते कानस चालवायचे, मी बडबड करायचो. माझी मंडळी पुण्याला, लेकाकडं, नातवंडं सांभाळायला. मलाही घरी काय काम होतं?

पण तीन-चार महिने गेले आणि एक दिवस साळव्यांनी कानस खाली ठेवली. स्वतःचा उजवा हात असा पालथा केला, उताणा केला, बघितला. आणि म्हणाले, "शिंदे, माझा हात गेला."

मंडळी, मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. त्या मिनिटाला. ज्या हातानं कंपनीच्या टूलरूममध्ये केसाइतका फरक बोटानं ओळखला, तो हात गेला असं तो माणूस म्हणतोय, आणि खोट माझ्या खिळ्याची आहे. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "वय झालं साळवे, आपलं दोघांचंबी." लाज वाटते मला. आजही वाटते. भीती अशी होती, की सांगितलं तर ते म्हणतील, बायको गेलेल्या माणसाची तुम्ही मजा केली. आणि दार बंद करतील. साळव्यांनी दार बंद केलं असतं तर मी काय केलं असतं? म्हणून गप्प बसलो. पुढं तीन वर्षं गप्प बसलो. हात गेला, असं ते परत कधी म्हणाले नाहीत. मला वाटलं, बिचाऱ्यानं मान्य केलं.

मागच्या मंगळवारी ते गेले. सकाळी चहा पिता पिता. आणि माझ्या डोक्यात एकच, की हा माणूस स्वतःच्या हाताला दोष देत गेला. माझ्यामुळं गेला.

परवा प्रज्ञाकडं गेलो. ठरवूनच गेलो होतो. म्हणालो, "बेटा, मला तुझी माफी मागायचीय," आणि कुलपाचं सगळं सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं. उठली. कपाटातून कुलूप आणलं आणि एक किल्ली आणली. साळव्यांची सवय अशी, की जमलेल्या किल्लीला दोऱ्यानं कागद बांधायचा, कुलूप कुठलं आणि उघडलं कधी ते लिहायचं. या किल्लीलाही कागद होता. वर लिहिलं होतं, 'शिंद्यांचं कुलूप.' आणि तारीख. सुमनवहिनी गेल्या त्याच वर्षीच्या दसऱ्याची.

मी किल्ली घातली. हलक्या हातानं फिरवली. उघडलं.

जुन्या कुलपात एक रिव्हेट नवी. टूलरूमच्या माणसाला ती दिसायची राहील का हो? मी कुणाला फसवायला निघालो होतो! त्यांनी रिव्हेट काढली, खिळा काढला, परत रिव्हेट ठोकली, आणि किल्ली केली. आणि दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी गेलो तेव्हा नवी कोरी किल्ली घेऊन, मेणबत्ती लावून, पहिल्यापासून सुरू! तीन वर्षं! मी कधी म्हणायचो, "साळवे, हितं खूण दिसायलीय." ते म्हणायचे, "ती खूण नाय, तुमच्या चष्म्याचा डाग हाय." मी चष्मा पुसायचो, मंडळी. मी खरंच चष्मा पुसायचो.

मी प्रज्ञाला विचारलं, "मला सांगितलं काहून नाय?" ती म्हणाली, "काका, मी बाबांना हेच विचारलं होतं. ते म्हणाले, कुलूप उघडलं हे शिंद्यांना कळू द्यायचं नाय. उघडलं की त्यांना यायला निमित्त उरत नाय. एकटा माणूस हाय तो."

एकटा माणूस. म्हणजे मी.

साळवे, मी समजत होतो मी तुमच्याकडं जातोय. तुमच्यासाठी जातोय. कॉलनीत लोक म्हणायचे, शिंदे काय दोस्त आहे, रोज न चुकता जातो. मी ते ऐकून घ्यायचो, छाती फुगवून. आणि तुम्ही तिथं बसून माझ्यासाठी रोज एक चांगली किल्ली वाया घालवत होता. ज्या माणसाला पितळेचा कण वाया गेलेला सोसत नव्हता, त्या माणसानं तीन वर्षं किल्ल्या वाया घालवल्या.

काल पाच वाजता मी चपला घातल्या. गेट उघडलं. रस्त्यावर आलो. आणि मग उभाच राहिलो. शेजारच्या बाई म्हणाल्या, "भाऊ, कुठं निघालात?" सांगा ना साळवे, आता पाच वाजता मी कुठं जायचं?

मंडळी, दोन मिनिटं सगळ्यांनी उभं राहू या. मोबाइल बंद करा. कुणी काही बोलू नका.

तीस वर्षं कारखान्याच्या गेटवर मी म्हणायचो, राम राम साळवे. ते म्हणायचे, जय भीम शिंदे. आज माझ्या राम रामाला त्यांच्याकडून उत्तर येणार नाही. म्हणून ते मीच देतो.

जय भीम, साळवे.