मंगळवार-शुक्रवारची गाडी आणि अप्पाराव मिस्त्री

आदरणीय अध्यक्ष सोमेश्वर सर, व्यासपीठावर विराजमान सरपंच नंदाबाई, गॅरेज बंद करून गाव सोडून निघालेले आजचे सत्कारमूर्ती अप्पाराव मिस्त्री, त्यांना न्यायला नागपूरहून आलेल्या त्यांच्या कन्या ज्योत्स्नाताई आणि समोर बसलेल्या टेंभुर्णीच्या माझ्या बंधू-भगिनींनो, या धुळाजीचा आपणा सर्वांना नमस्कार.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं, अर्धं मालकाचा टेम्पो चालवण्यात, त्याचं बोनेट कधी उघडलं नाही. माइकसमोर पहिल्यांदाच उभा आहे. सरांनी पाच मिनिटं दिली आहेत. पाच मिनिटांत मिस्त्रींचं तीस वर्षांचं गॅरेज कसं सांगायचं? म्हणून माझ्या अंगणातलं तेवढं सांगतो.

आपल्याला ठाऊक आहे, माझी मंडळी गोपिकाबाई तीन वर्षांपासून आजारी आहे. दोन्ही किडन्या गेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला जालन्याला डायलिसिसला न्यावं लागतं. एसटीनं जाताना एक वेळ जमतं, येताना तिच्यात उभं राहायचं बळ उरत नाही. म्हणून शिवशंकरनं, माझ्या मुलानं, ही जुनी डिझेलची गाडी घेऊन दिली. तो एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये आहे, त्याला रजा मिळत नाही. गाडी मीच चालवतो. आणि आठवडाभर माझ्या जिवाला एकच घोर असतो, त्या दिवशी गाडी सुरू होईल ना?

गेल्या दसऱ्याला माझ्या हातून एक चूक झाली. गुरुवार होता. आपल्याकडं त्या दिवशी औतं-अवजारं धुऊन पूजतात. लोकर कातरण्याआधी आम्ही मेंढरू धुतो ना, पाठ, पोट, काखा, काही सोडत नाही, तशी मी गाडी धुतली. नुकताच जाफराबादहून आलो होतो, इंजिन तापलेलं. बोनेट उघडलं आणि विहिरीवरच्या मोटारीचा पाइप अंगठ्यानं दाबून पाण्याची धार आत सोडली. वाफा निघाल्या. मला वाटलं, मळ निघतोय. मग इंजिनावर खंडोबाचा भंडारा उधळला आणि बॅटरीशेजारीच नारळ फोडला. ते पाणी कुठं कुठं गेलं, देवाला ठाऊक.

शुक्रवारी सकाळी सहा वाजता गोपिकाबाई पिशवी घेऊन मागच्या सीटवर बसली. मी सेल्फ मारला. टक्, एवढाच आवाज. पुन्हा मारला. तेवढाही नाही. मिस्त्रींना फोन लावला, ते हातातला चहा तसाच टाकून चालत आले. बोनेट उघडून बोटानं पिवळा चिखल काढून पाहिला.

"आबा, हे काय करून राह्यले? इंजिनात पुरण शिजवलं का काय?"

"धुतलं, मिस्त्री. दसरा होता."

"धुतलं न्हाई, बुडवलं. हे काय मेंढरू हाय, अंग झटकून वाळायला?"

मागून गोपिकाबाई म्हणाली, "मिस्त्रीदादा, त्यांला मेंढरापल्याड काय कळतंय? चाळीस वर्सं मला बी तसंच हाकलंय."

हसा, हसा. आम्हीही हसलो होतो. पण फ्यूजच्या डब्यात पाणी होतं, सेल्फच्या वायरीत पाणी होतं. वाळवून गाडी सुरू व्हायला संध्याकाळ झाली. तोवर दवाखान्यातली तिची पाळी गेली. शनिवारी सकाळी तिचे पाय सुजले, दम लागला. धावपळ करून नेलं, वाचली. पण तेव्हापासून तिची तब्येत उतरली ती उतरलीच. डॉक्टर म्हणाले, एवढ्यानंच असं झालं नाही. मला मात्र वाटतं, एवढ्यानंच झालं.

त्यानंतर मी भीतीनं बोनेटच उघडेना. महिनाभरानं मिस्त्रींनी उघडलं तर आत तेल आणि धुळीचा थर, वर उंदरांनी आणलेला कापूस. म्हणाले, "आबा, धुवायचं भेव वाटतं म्हणून घाण ठेवाल तर तेल कुठून गळतंय ते दिसणार न्हाई. आन् हा कापूस तापल्या पाइपावर पडला तर पेटंल. मंग अक्काला कशात नेता?"

आणि त्यांनी मला शिकवलं. स्वतः हात लावला नाही, हात मागं बांधून उभे राहिले. मी मनात म्हणालो, मिस्त्रींना मान हवाय. हात का मागं बांधले होते ते आज कळतं, ज्योत्स्नाताई. ते तेव्हाच थरथरत होते.

म्हणाले, आधी बोनेटवर हात ठेवा. हात टेकवता येत नसेल तर घरात जाऊन जेवून या. इंजिन पार थंड झालं की बॅटरीची मायनसची वायर सोडायची. डायनामो, फ्यूजचा डबा, हवा आत जाते ती जागा, यांना प्लास्टिकच्या पिशव्या घट्ट बांधायच्या. पाण्याच्या आधी कोरडा ब्रश, पानं, कापूस, धूळ सगळं बाहेर. मग बादलीत थोडा साबण, ब्रश नुसता ओला करून घासायचं आणि पिळलेल्या फडक्यानं पुसायचं. पाइप लावायचा नाही म्हणजे नाही. कुणी पेट्रोलनं पुसा म्हणालं तर त्याला अंगणात उभं करायचं नाही. शेवटी कोरडं पुसायचं, पिशव्या काढायच्या, दोन-तीन तास बोनेट उघडं ठेवायचं आणि पार वाळल्यावरच वायर जोडायची.

मी विचारलं, "आन् फडकं आत राह्यलं तर?"

"मोजून न्या, मोजून आणा."

तेव्हापासून मी चार फडकी नेतो. परत आल्यावर चार मोजतो. मग वाटतं, नेताना पाच तर नव्हती? पुन्हा टॉर्च घेऊन आत बघतो. गोपिकाबाई ओट्यावरून म्हणायची, "माझं लुगडं फाडून फडकी केली, आता माझ्याहून जास्त त्यांचीच काळजी." दर महिन्याला मी तसं करतो, सरकारी कागद भरल्यासारखं. अध्यक्ष महाराज, दसऱ्यापासून आजपर्यंत गाडी एकदाही अडलेली नाही. हे श्रेय अप्पाराव मिस्त्रींचं आहे. टाळ्या वाजवायच्या असतील तर इथं वाजवा, पुढं वाजवण्यासारखं काही नाही.

परवा शुक्रवारी सहा वाजता गाडी दारात लावली. पहिल्या सेल्फला सुरू झाली. गोपिकाबाई ओट्यावरून उठली नाही. म्हणाली, "बंद करा ती. मला न्हाई यायचं. आता कधीच न्हाई." मी रागावलो, हात जोडले, शिवशंकरला फोन लावून दिला. ती उठली नाही.

ती मिस्त्रींना भाऊ मानते. म्हणून काल मी त्यांना घरी नेलं. म्हणालो, माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. सवयीप्रमाणं त्यांनी आधी बोनेट उघडलं. "साफ ठेवलंय, आबा," म्हणाले. मग तिच्यासमोर बसले.

"अक्का, मंगळवारी जायाचं बरं. गाडी टकाटक हाय."

ती म्हणाली, "दादा, तुम्ही गॅरेज कामून बंद केलं?"

"हात चालत न्हाईत, अक्का."

"तुम्हाला कुणी आडवलं का? लेक म्हणली बस झालं, तुम्ही निघाले. मंग मलाच कामून आडवता?"

मिस्त्री उठले, तिच्या पाया पडले आणि निघाले. मिस्त्री, मान खाली घालू नका. नाकातून वारा गेल्यासारखा आवाज आला तर गाडीत काय बिघडलं, हे तुम्हाला कळायचं. तिच्या श्वासाचा तसा आवाज मी दोन दिवस ऐकतो आहे आणि तुमच्या-माझ्याकडं त्याला काही इलाज नाही.

आज दुपारी मी इंजिन पुसलं. मंगळवारी सहा वाजता गाडी दारात लावणार. ती येणार नाही, मला ठाऊक आहे. तरी लावणार. मागचं दार उघडून उभा राहणार. जालन्याला पोचायची वेळ टळून जाईपर्यंत उभा राहणार, आणि मग बंद करणार.

सत्काराच्या जागी घरचं रडगाणं गायलो. सरांची पाच मिनिटं केव्हाच संपली असतील. नंदाबाई, आपण सभा घेतली, मला बोलू दिलंत, आपले उपकार. मिस्त्री, ज्योत्स्नाताई, नागपूरला सुखानं राहा. अडाणी माणूस आहे, कुणाला काही लागलं असेल तर पोटात घाला. चहाला थांबत नाही, त्याचाही राग धरू नका. ती घरी एकटी आहे.