नात म्हणते, गॅस नको

—म्हणजे बाहेर पाणी गोठतंय, आणि तुझं ते पंप का काय, ते त्याच हवेतून ऊब ओढून घरात आणणार? असेल बाबा. तू शिकलेला, चार घरी बसवलेस म्हणतोस. मला आपलं दगडाचं दूध काढल्यासारखं वाटतं, पण असेल. बस, येर्बाचा चहा घे, गरम आहे तोवर ओढ नळीनं. मी एवढंच विचारते — वीज गेली की काय? ह्या आपल्या पातागोनियात वारा सुटला की तारा तुटतात, गेल्या जुलैत दोन दिवस अंधार होता. पंप बंद. नातीला, यानीनाला, जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात बाळ व्हायचंय, त्याला काय मी फुंकर घालून शेकू? गॅस कसा, जमिनीखालून येतो, वाऱ्याला विचारत नाही. घर तिचं, पण जमीन माझ्या नावावर म्हणून कागदावर अंगठा माझा, नाहीतर म्हातारीला कोण विचारतंय!

पण नात ऐकेल तर शपथ. "आजी, ज्या गॅसनं माझा बाप नेला तो माझ्या घरात नको." संपलं. एव्हारिस्तो — माझा मुलगा, हिचा बाप. तेलाच्या विहिरीवर रात्रपाळी करून आला, जेवला, हीटर लावून दुपारचा झोपला. यानीना सहा वर्षांची, अंगणात डबा बडवत होती. मीच दटावलं — बाप दमून झोपलाय, गप्प बस. पाच वाजेपर्यंत गप्प बसवलं मी तिला. पाच वाजेपर्यंत.

हीटरचा दोष नव्हता रे. — हो, लेदेस्मानं बसवलेला, माहितीये, अख्खा गाव तेच म्हणतो. लेदेस्मा चांगला मिस्त्री होता! त्यानंच भिंतीत खाली वीतभर भोक पाडून जाळी बसवली, मला मानानं दोन्या म्हणायचा, बजावलं, "दोन्या एल्सिरा, हिला हात लावू नका, घर इथून श्वास घेतं, बुजली तर गॅसचं विष आतच कोंडतं." पण त्या जाळीतून वारा यायचा तो थेट पोराच्या पाठीवर — बारा तास उघड्यावर राबून आलेला पोरगा — सांग, कुठली आई — आणि इथे कोण नाही बुजवत? तू घरोघर हिंडतोस, बघतोस ना? कुणी पुठ्ठा लावतं, कुणी उशी. मी त्याचाच जुना स्वेटर कोंबला. बोटानं दाबून दाबून.

असा बघू नकोस. चहा ओढ.

दार उघडलं तर गाल लालबुंद. मला वाटलं, काय छान ऊब लागलीये पोराला. मग हात लावला. आणि लोक जमायच्या आत मी पहिलं काय केलं असेल? कवटाळलं त्याला? नाही. स्वेटर उपसला. लपवायचा कुठे, सुचेना — अंगात घातला. गॅसचा तपासनीस आला तेव्हा मी तोच घालून रडत बसलेली. बायका म्हणाल्या, बघा, लेकाचा स्वेटर सोडत नाही बिचारी. जाळी मोकळी, मग हीटरच खराब, नाही का? लेदेस्माचं लायसन्स गेलं. एकदा पावाच्या दुकानात समोर आला, टोपी काढली, म्हणाला, "माफ करा दोन्या एल्सिरा, माझंच काहीतरी चुकलं असणार." चारचौघांत. आणि मी केलं रे माफ. खांद्यावर हात ठेवून केलं.

आता हिला गॅस घे म्हणायचं तर कशावर पटवू? हे सांगू? चोवीस वर्षांनी? बाळ झालं की पहिलं माझ्या मांडीवर देणार आहे ती.

कुठे लावू अंगठा, इथे? — पंप. पंपच लिही. गॅसची नळी घरात घेऊच नकोस. वीज गेली तर घोंगड्या आहेत. बाळ गारठलं तर रडेल तरी, रडलं की कळतं.

तिची गाडी आली बघ. ऊठ. आणि काही विचारलंन तर सांग, आजी लगेच हो म्हणाली. — ऊठ म्हटलं ना!