सात डब्यांचा गठ्ठा

आई: …असे आडवे या, आडवे. त्या डाव्या राशीला धक्का लागला तर सगळे डबे अंगावर येतील.

पाहुणा: 'मोहोळ.' डब्यावर नाव दिसतंय. म्हणजे खेळ छापून तयार आहे तर!

आई: तयार होऊन पाच महिने झाले. दोनशे डबे इथे, चारशे छापखान्यात. माझ्या पलंगाखाली डबे, उशाशी डबे. झोपेत कूस बदलायची तरी आधी विचार करावा लागतो.

लेक: आई, कोणाशी बोलतेयस? कुरिअरवाला असेल तर सांग, आज काही पाठवायचं नाही.

आई: कुरिअरवाला नाही गं. तुझ्या खेळाला ज्यांनी पैसे दिले ना, त्यातले आहेत. पत्ता शोधत आलेत.

लेक: घरी? पत्ता कोणी दिला यांना?

पाहुणा: तुम्हीच. लोकांकडून पैसे गोळा करत होतात तेव्हा वेबसाइटवर लिहिलं होतंत, 'कधीही घरी या, एक डाव खेळून बघा.' दोन वर्षांनी आलो, एवढंच.

लेक: नाव काय आपलं?

पाहुणा: तिथे मी 'खवचट' नावाने लिहितो.

लेक: खवचट! 'पाच महिने झाले, बाई आहेत की माश्यांबरोबर उडाल्या?' ते तुम्ही?

पाहुणा: मीच.

आई: अगंबाई! मग तुम्हाला चहा विचारणार होते, तो राहू दे.

लेक: आई!

आई: आई काय? ते वाचून तू दोन दिवस नीट जेवली नाहीस. आणि मी यांना काय काय बोलले, ते यांनी ऐकलं नाही हे यांचं नशीब.

पाहुणा: ऐकवा की ताई. हक्क आहे तुमचा.

लेक: काका, आधीच सांगते, पैसे मला परत देता येणार नाहीत. पण तुम्ही आलाच आहात तर हा घ्या तुमचा डबा. निदान हा तरी नीट पोचला.

पाहुणा: पोचला. आता बाकीच्यांचं काय?

लेक: त्यांना आज कळवतेय. लिहून ठेवलंय.

पाहुणा: वाचा बघू.

लेक: 'मोहोळ हा प्रकल्प काही अपरिहार्य कारणांमुळे आजपासून बंद करण्यात येत आहे. त्याबद्दल मनःपूर्वक दिलगिरी…'

आई: बंद? हे मला कधी सांगणार होतीस?

लेक: काय सांगू आई? शनिवारपर्यंत छापखान्यातले चारशे डबे उचलले नाहीत तर त्यांचा लगदा होणार. आणि उचलून ठेवू कुठे, तुझ्या डोक्यावर? पाठवायचे म्हटले तर तेवढे पैसे उरले नाहीत.

पाहुणा: पाठवायचे पैसे तर आम्ही वेगळे दिले होते.

लेक: चौकोनी डब्यासाठी दिले होते! आधी साधा चौकोनी डबा होता. मग ठरवलेल्या आकड्याच्या पुढे पैसे जमले आणि लोक म्हणायला लागले, आता आणखी काय देणार? मी देत सुटले. प्लास्टिकच्या माश्या लाकडी केल्या. पुठ्ठ्याचा पट कापडी केला. मग वाटलं, मधमाश्यांचा खेळ आणि चौकोनी डबा? शोभतं का?

आई: म्हणून सहाकोनी केला. बिल्डिंगभर दाखवत फिरली होती. मलाही फार आवडला, खोटं कशाला बोलू?

लेक: कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, पार्सल जागा किती खातं ते बघतात, हे मला कोणी सांगितलंच नाही. सहाकोनी डब्याला चौकोनी खोकं, आत चारी बाजूंनी फोम. खर्च दुप्पट. एवढं करून चाळीस डबे पाठवले, त्यातले अकरा कोपरे चेपून परत आले. त्या दिवसापासून माझी त्या वेबसाइटवर काही लिहायची हिंमत होईना.

पाहुणा: चेपणारच. एकटा डबा खोक्यात हलतो. हलला की कोपऱ्यावर आपटतो.

लेक: तुम्हाला काय माहीत?

पाहुणा: बत्तीस वर्षं काच भरलीय मी. दिव्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होतो. रिटायर झालो आणि हा खेळांचा नाद लागला. तुमचा दहावा.

आई: दहावा! आणि आधीचे नऊ आले सगळे?

पाहुणा: पाच आले. तीन बुडाले. एकाचं नुसतं नियमांचं पुस्तक आलं. ते मला आता पाठ आहे.

आई: आणि तरी दहाव्याला पैसे दिलेत? ठेच लागली की माणूस शहाणा होतो म्हणतात.

पाहुणा: ताई, हे दुकान नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वस्तू मिळेलच असं नाही म्हणून. पण कोणीतरी घरात बसून डोक्यातून एक खेळ काढतंय, आणि आपण त्याला म्हणतो, कर रे, मी आहे. ती मजा दुकानात नाही. पैसे बुडाले ते मी सोसले. पण त्या तिघांचं नेमकं काय बिनसलं ते एकानेही सांगितलं नाही. ते अजून सलतं.

लेक: म्हणून माझ्यावर तोंडसुख घेतलंत.

पाहुणा: घेतलं. चुकलंच माझं. तुम्ही गप्प झालात आणि मला वाटलं, झालं, ही चौथी.

आई: बसा. चहा टाकते.

पाहुणा: चहा नंतर, ताई. आधी सात डबे काढा. एक इथे जमिनीवर ठेवा. आता बाकीचे सहा त्याच्याभोवती, बाजूला बाजू लावून. आणखी जवळ.

आई: अगं, हे तर पोळंच झालं! बघ, नख जाईल एवढीसुद्धा फट नाही.

पाहुणा: आता ढकला मधल्याला.

लेक: हलत नाही.

पाहुणा: हलणार कसा? सगळे एकमेकांना धरून आहेत. बाहेरून जाड पुठ्ठा गुंडाळायचा, पट्टी आवळायची, झालं. खोकं नको, फोम नको. डबा वाईट नाहीये, मॅडम. तुम्ही त्याला एकटा पाठवलात, तेवढंच चुकलं.

लेक: पण एकेकाने एकेकच घेतलाय ना काका. सात डबे कोण घेणार?

पाहुणा: तुमची पत्त्यांची यादी कशी लावलीय?

लेक: ज्याने आधी पैसे दिले तो वर. कोणावर अन्याय नको म्हणून.

पाहुणा: आता गावाप्रमाणे लावा.

लेक: लावते, पण त्याने काय… थांबा. अरे देवा. एका शहरात एक्याऐंशी. त्याच्याखाली चौपन्न. आणि हे बघा, हे बावीस जण तर एकाच उपनगरात राहतात! दोन वर्षं ही यादी उराशी धरून बसलेय मी.

पाहुणा: मग सातांचा एक गठ्ठा. मालट्रकने सोडायचा, तिथे वजनावर घेतात. त्या गावात एकाने उतरवून घ्यायचा, बाकीचे सहा त्याच्याकडून नेतील.

लेक: आणि चारशे डबे शनिवारच्या आत कोण बांधणार?

पाहुणा: छापखान्यातच बांधू. माझे दोन जुने सोबती आहेत, घरी बसून बायकांची डोकी खातात. चारशे म्हणजे सत्तावन्न गठ्ठे आणि वर एक डबा. दोन दिवसांचं काम.

आई: तो वरचा एक मला. घर अडवलंत माझं, खेळून तरी बघते.

लेक: थांबा, मला हिशोब करू दे. उरलेल्या पैशांत बसतंय… जवळजवळ बसतंय. पण नव्वदएक माणसं सुटी राहतात. आपापल्या गावात एकेकटी.

पाहुणा: त्यांना थांबावं लागेल. सगळ्यांचं आजच भागेल असं मी म्हटलं नाही.

लेक: काका, हे सगळं ठीक आहे. पण त्या लोकांना विचारावं लागेल ना? पाच महिने मी एक अक्षर लिहिलं नाही. आता कोणत्या तोंडाने सांगू, की मी चुकले, आणि वर तुम्हीच माझं ओझं उतरवून घ्या?

आई: ज्या तोंडाने पैसे मागितलेस त्याच तोंडाने. ते काही वाईट नव्हतं.

लेक: शिव्या घालतील.

पाहुणा: घालतील. मोठ्या आवाजाचे चारपाच जण आहेत, मी ओळखतो सगळ्यांना. आमचं चांगलं जमतं.

लेक: हसू नका काका. मला खरंच भीती वाटते.

पाहुणा: हसत नाही, पोरी. पैसे गेले की माणूस चिडतो, आणि चिडू दे त्याला. पण समोरचं माणूसच नाहीसं झालं की त्याला आपण मूर्ख ठरलो असं वाटतं. तेवढं तरी वाटू देऊ नकोस त्यांना.

आई: लिही गं. मी बसते शेजारी.

लेक: 'काही अपरिहार्य कारणांमुळे…'

पाहुणा: ते काढ. डबा तुझ्या डोक्यातून निघाला, कारणांच्या नाही.

आई: आणि ते मनःपूर्वक दिलगिरीही काढ. सरळ 'चुकले' लिही.

लेक: 'डबे तयार आहेत. सहाकोनी डब्याचा हट्ट माझा, आणि तो महागात पडला. मी घाबरले म्हणून गप्प बसले. चुकले. आता सात-सात डब्यांचे गठ्ठे करून पाठवणार आहे. कुठल्या गावात किती जण आहेत ते खाली दिलंय. तुमच्या गावचा गठ्ठा कोणी उतरवून घ्याल का? जे गावात एकटेच आहेत त्यांना थांबावं लागेल, किती ते मला आज सांगता येत नाही.' एवढंच?

पाहुणा: एवढं पुष्कळ आहे.

लेक: पाठवू? की आणखी एकदा वाचू?

आई: न वाचताच पाठव. जातं तसंही.

लेक: गेलं.

पाहुणा: छान. आता फोन पालथा ठेव आणि पुठ्ठा कुठे आहे ते सांग. आणि ताई, तो चहा?

(चहा होतो. दोन गठ्ठे बांधून भिंतीला लागतात, तिसऱ्याची पट्टी आवळताना फोन वाजतो.)

लेक: आलं पहिलं. 'आता आठवण झाली का? डबा नको, माझे पैसे परत द्या.'

पाहुणा: हे येणारच होतं. त्याला आजच उत्तर लिही. जे जमणार नाही ते नाही म्हणून लिही, पण लिही.

आई: पुढचं बघ.

लेक: 'माझं औषधांचं दुकान आहे, दिवसभर उघडं. सात कशाला, चौदा पाठवा. मागच्या खोलीत जागा आहे.'

आई: बघ! उगीच रडत होतीस.

लेक: मी कुठे रडत होते?

पाहुणा: आता रडतेयस. सारखा वाजतोय तो फोन, बघ.

लेक: आणखी एक आलंय. एका लहानशा गावातून.

आई: शिवी आहे का?

लेक: नाही. 'गावांपुढचे आकडे वाचले. आमच्या इथे हा खेळ घेणारे आणखी तिघं आहेत, हे मला माहीतच नव्हतं. मी एकटाच समजत होतो. चार डब्यांचा गठ्ठा होतो का?'

पाहुणा: होतो की. लिही त्याला, होतो म्हणून.